अंदमानची मे महिन्याची तिकिटं आत्ताच काढू का? कंपनी डबघाईला आलीय म्हणतात

कंदीपेढा_सातारा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय, आधी कुणी विचारला असेल तर लिंक द्या, रागावू नका.

मे महिन्यात अंदमानला जायचं चाललंय. आम्ही सात जणं, मी, हे, दोन मुलं, आई-बाबा आणि सासूबाई. बाबा ७४ चे आहेत, बायपास झाल्यापासून एकच पालुपद, एकदा सेल्युलर जेल बघायचंय, सावरकरांच्या कोठडीत दोन मिनिटं उभं राहायचंय, मग मला कुठं नेऊ नका. तर यंदा काहीही झालं तरी न्यायचंच असं ठरलंय.

घोडं अडलंय तिकिटांवर. पुणे ते चेन्नई ते पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम झालंय, पण घरात बाबा सोडून सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात) जाऊन येऊन एका कंपनीचं माणशी १३,४०० दाखवतंय आणि दुसऱ्या मोठ्या कंपनीचं १७,९००. म्हणजे सात जणांचे ३१,५०० वाचतात, तेवढ्यात आमचं हॅवलॉकचं हॉटेल निघतं. पण त्या स्वस्तवाल्या कंपनीबद्दल रोज काहीतरी वाचायला मिळतंय, पगार थकलेत, विमानं नुसती उभी आहेत, विमानं भाड्याने देणारे लीजवाले कोर्टात गेलेत. नाव लिहीत नाही, ओळखायचं त्यांनी ओळखा आणि ओळखलंत तरी खाली लिहू नका, धागा उडेल.

हे म्हणतात सेल रविवारी संपतोय, काढून टाक, चार महिन्यात कंपनी काय पळून जातीय का. माझा भाऊ म्हणतो पळूनच जातात. मधल्यामधे मी. हॉटेलचे निम्मे पैसे भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत, हे आधी का केलं विचारू नका, ऑफर होती.

कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज. कंपनी मधेच बंद पडली तर पैसे मिळतात का परत?

रंकाळा_रात्री

ताई ही गाजराची पुंगी आहे, फक्त वाजली नाही तर मोडून खाता येत नाही एवढाच फरक. बाकी जाणकार येतीलच, मी चहा घेऊन बसलोय.

खिडकीची_सीट

एवढं घाबरून जायचं काम नाही ताई. मी नागपूरहून ह्या असल्या "आता बुडणार मग बुडणार" कंपन्यांनीच फिरतो दरवर्षी, लेट झालं असेल चार तास पाच तास पण पोचलो नाही असं एकदाही झालं नाही. पेपरवाल्यांना बातमी पाहिजे असते. स्पाइसजेटचं आठवा, डिसेंबर २०१४ ला सगळ्यांनी तेरावा घातला होता तिचा. १७ डिसेंबरला तेल कंपन्यांनी उधारी बंद केली, सकाळपासून विमानं जमिनीवर, टीव्हीवर दिवसभर तेच. संध्याकाळी परत उडायला लागली, जानेवारीत तेव्हाचे मालक मारन जाऊन जुने प्रमोटर अजय सिंग परत आले आणि कंपनी चालली पुढं कित्येक वर्षं. तेव्हा ज्यांनी घाबरून स्वस्त तिकिटं कॅन्सल केली ते रडले, ज्यांनी ठेवली ते गेले फिरून आले.

आणि मोठी कंपनी म्हणजे गॅरंटी असते का? इंडिगोकडं काय पैसे कमी होते? डिसेंबर २०२५ ला पायलटच्या ड्युटीच्या नियमावरून हजारो फ्लाइट रद्द झाल्या, लोक एअरपोर्टवर बॅगांच्या ढिगात झोपले होते.

पार्किंग_बे_२७

खिडकीची_सीट, इंडिगोचं उदाहरण तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध दिलंत हो. तिथं फ्लाइट रद्द झाल्या पण कंपनीकडं पैसे होते म्हणून सरकारने दम दिल्यावर रिफंड भराभर सुटले. इथं प्रश्न फ्लाइट रद्द होण्याचा नाहीये, रद्द झाल्यावर गल्ल्यात काही असणार का हा आहे.

आणि २०१४ चं अर्धंच सांगितलंत. त्याच डिसेंबरमध्ये डीजीसीएने (विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) त्यांना सांगितलं होतं की एक महिन्याच्या पुढची बुकिंगच घ्यायची नाहीत, मग नंतर ती मुदत वाढवून दिली. म्हणजे सरकारलाच वाटत होतं की ह्या परिस्थितीत लांबचं तिकीट विकू देऊ नये. ताईंचा प्रश्न चार महिन्यांचा आहे, उत्तर तिथंच आलं.

मी मुंबई एअरपोर्टला ग्राउंडला होतो, जी कंपनी नंतर बंद पडली तिच्यात, नाव नको. शेवटच्या वर्षात काय काय बघितलं ते सांगतो म्हणजे बातम्या कशा वाचायच्या ते कळेल.

पगार उशिरा येणं ही पहिली पायरी, पण त्याला फार घाबरायचं नाही, कुठल्याही कंपनीत होतं. आधी ७ तारखेला यायचा, मग १५, मग ज्युनिअर लोकांचा आधी आणि पायलट इंजिनिअरचा नंतर, मग हप्त्यात. दुसरी पायरी म्हणजे पार्ट काढणं. उभ्या विमानाचा पार्ट काढून उडत्या विमानाला लावायचा, आमचे इंजिनिअर त्याला रॉब करणं म्हणायचे. एक विमान बे वर उभं राहायचं ते हळूहळू सोलत सोलत जायचं, आधी इंजिनं गेली, मग चाकं, मग आतल्या सीटसुद्धा. लांबून अख्खं दिसायचं, जवळ गेलं की नुसता सांगाडा आणि पोटाखाली काँक्रीटचे ठोकळे. बाहेरच्याला वाटतं कंपनीकडं ३० विमानं आहेत, उडतात १७.

तिसरी पायरी तेल. उधारी बंद झाली की कॅश अँड कॅरी. टँकर येऊन उभा, पाइप हातात, पण वरून पेमेंट आल्याचा मेसेज येत नाही तोवर माणूस पाइप जोडायचा नाही. आम्ही खाली उन्हात त्याला "अरे दादा जोड की, येतंय पेमेंट" म्हणायचो आणि वर पॅसेंजर बसलेत, घाम पुसतायत, अनाउन्समेंट काय तर "ऑपरेशनल कारणामुळे थोडा विलंब". ते ऑपरेशनल कारण म्हणजे सकाळच्या बुकिंगचे पैसे दुपारपर्यंत खात्यात यायची वाट बघणं.

म्हणून सेल लागतो ताई. तुमचे मे महिन्याचे ९३,८०० कुठल्या तिजोरीत तुमच्या नावाने ठेवत नाहीत, ते आजच्या तेलाला जातात. आपल्याकडं ॲडव्हान्स तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा असं बंधन नाही. मे मध्ये तुम्हाला न्यायचे पैसे ऑगस्टवाल्याकडून यायचे असतात. ऑगस्टवाला आलाच नाही की मेवाला एअरपोर्टवर.

रंकाळा_रात्री

थोडक्यात भिशी आहे ओ ही, आणि भिशी चालवणाऱ्याचंच घर गहाण.

कंदीपेढा_सातारा

बाप रे बे_२७ दादा, तुमचं वाचून ह्यांना दाखवलं, ते म्हणतात सगळ्याच कंपन्या असं करत असतील. पण मला एक सांगा, समजा बंद पडलीच तर रिफंडचा कायदा आहे ना? डीजीसीएचे नियम आहेत म्हणे. निदान पतपेढीत बुडाले तर विमा असतो ५ लाखांचा, तसं काही नाही का?

कलम_कसाई

आधी दुरुस्ती, ५ लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर कुणी इथलं वाचून पतपेढीत टाकायचं.

विमानाच्या तिकिटाला असला कुठलाही विमा नाही. डीजीसीएचे रिफंडचे नियम आहेत, चांगले आहेत, पण ते जिवंत कंपनीला. कंपनी एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोरीच्या कोर्टात गेली की दिवाळखोरी कायद्याचं कलम १४ लागतं, मोराटोरियम. त्या दिवसापासून कंपनीविरुद्ध दावे, वसुली सगळं थांबतं, ग्राहक मंचात गेलात तरी तेच ऐकवणार. तुम्ही मग प्रवासी राहत नाही, घेणेकरी होता. फॉर्म भरायचा, तिकीट जोडायचं, रिझोल्यूशन प्रोफेशनलकडं, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडं, क्लेम टाकायचा आणि रांगेत बसायचं. रांग कलम ५३ प्रमाणे लागते. आधी ह्या प्रक्रियेचाच खर्च, मग कामगारांचे २४ महिन्यांचे पगार आणि तारणवाल्या बँका, मग बाकीचे कर्मचारी, मग बिनतारणाचे सावकार, मग सरकार, असं करत करत तुमचा नंबर येतो तेव्हा ताटात मिठाचा खडा पण नसतो.

वेळ किती लागतो तेही बघा. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला रात्री अमृतसरहून मुंबईला आली ती शेवटची फ्लाइट. जूनमध्ये केस दाखल करून घेतली. मग नवीन मालक मिळाले, २०२१ ला प्लॅन मंजूर झाला, सगळे म्हणाले आता उडणार, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं विकून टाका, लिक्विडेशन. साडेपाच वर्षं. गो फर्स्टने २ मे २०२३ ला स्वतःहून अर्ज केला, जानेवारी २०२५ ला लिक्विडेशन.

अजून एक गोष्ट जी फार लोकांच्या लक्षात आली नाहीये. गो फर्स्टच्या वेळी मोराटोरियममुळे ५४ विमानं अडकून पडली, लीजवाल्यांना नेता येईनात. मग ३ ऑक्टोबर २०२३ ला सरकारने नोटिफिकेशन काढून विमानं आणि इंजिनं ह्या मोराटोरियममधून बाहेर काढली, एप्रिल २०२४ ला दिल्ली हायकोर्टाने डीजीसीएला नोंदणी रद्द करायला सांगितली आणि विमानं गेली. २०२५ ला तर त्याचा स्वतंत्र कायदाच झाला. लीजवाल्यांसाठी चांगलं, देशासाठीही चांगलं असेल, भाडी कमी होतील म्हणतात. पण प्रवाशाच्या बाजूने बघा, आता कंपनी कोर्टात गेली तरी विमानं परत न्यायला मोकळीक आहे. २०१४ सारखं "संध्याकाळी परत उडाली" होणं आता जास्त अवघड आहे. खिडकीची_सीट, तुमचं उदाहरण जुन्या नियमांमधलं आहे.

तिकीटवाला_काका

सांगलीत तिकिटांचा धंदा करून २३ वर्षं झाली, थोडं माझंही ऐका. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही नावं तुमच्यातल्या निम्म्यांनी ऐकली पण नसतील, ती गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. किंगफिशर गेली तेव्हा धंद्यात होतो. पुढंही गेल्या. एक सांगतो, बंद झालो असं कुठलीच कंपनी म्हणत नाही. "तात्पुरती सेवा स्थगित" म्हणते. गो फर्स्टने आधी तीन दिवस म्हणून सांगितलं, ३, ४, ५ मे. मग ९ मे, मग १२, मग १९, मग २६, असं महिनाभर लोकांना झुलवलं. त्यात होतं काय, माणूस नवीन तिकीट काढत नाही, होईल सुरू म्हणून थांबतो, आणि तोवर बाकीच्या कंपन्यांचं भाडं आभाळाला. श्रीनगर, लेह ह्या लाइनींवर तेव्हा काय रेट झाले होते ते ज्यांनी काढली त्यांना विचारा. अंदमानलाही तेच, ताई, तिथं एसटी नाही जात. जहाज आहे चेन्नईहून पण तीन दिवस लागतात आणि ते काय रोज सुटत नाही, बायपास झालेल्या माणसाला त्यात घालून न्यायचं काम नाही.

माझी गोष्ट सांगतो. कुठली कंपनी ते विचारू नका. आमच्या इथल्या भजनी मंडळाचा ग्रुप होता, ३८ बायका, काश्मीर. बहुतेक जणी पहिल्यांदा विमानात बसणार, एकीने तर नवीन चप्पल घेतली होती खास. स्वस्तातल्या कंपन्यांचं एजंटशी कसं असतं, आम्ही त्यांच्या पोर्टलवर आधी डिपॉझिट भरून ठेवतो, वॉलेट म्हणतात, तिकीट काढलं की त्यातून कापलं जातं. ग्रुपचं निम्मं तिकीट झालं होतं, निम्म्याचे पैसे वॉलेटमध्ये. जायला नऊ दिवस. रात्री साडेदहाला मिरजेच्या एका एजंटचा फोन, टीव्ही लाव. लावला. लॅपटॉप उघडून लॉगिन केलं तर सगळं जिथल्या तिथं, वरच्या कोपऱ्यात बॅलन्स २,८७,४०० आणि खाली बुक नाऊचं बटण राखाडी. सात-आठ महिने मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ते बघायचो. बॅलन्स तसाच. बटण तसंच. मग एक दिवस साइटच उघडेना. स्क्रीनशॉट आहे अजून मोबाईलमध्ये, काय करायचं त्याचं.

सकाळी दहाला बायका दुकानात. ओरडलं कुणी नाही, ते जास्त वाईट. नवीन तिकिटं मूळ भावाच्या अडीचपट. निम्मा फरक त्यांनी दिला, निम्मा मी दिला, मुलीच्या ॲडमिशनसाठीची एफडी मोडली. गेल्या, आल्या, केशर आणलं माझ्यासाठी. क्लेमचा फॉर्म भरलाय, त्याचा पुढं काही पत्ता नाही.

तर हिशोब असा करा ताई. ३१,५०० वाचतात हे बघू नका. कंपनी गेली तर पहिल्यांदा ९३,८०० अडकणार. वरून आयत्या वेळचं तिकीट, मे महिन्याच्या गर्दीत, माणशी किती होईल देव जाणे, मी २५ धरतो, सात जणांचे पावणेदोन लाख. नाहीतर हॉटेल, क्रूझ सगळं सोडायचं.

मुळामुठा

काकांचं वाचून कसंतरी झालं.

मी पैसे परत मिळवलेत, म्हणून मुद्दाम लिहितेय, पूर्ण निराश होऊ नका. पण त्यात नशीब किती आणि अक्कल किती ते ठरवता येत नाही. आम्ही आणि माझे दीर, दोन्ही कुटुंबं एकत्र निघालो होतो, तीच कंपनी, तीच फ्लाइट, तोच दिवस. मी कंपनीच्या वेबसाइटवरून क्रेडिट कार्डने काढली चार तिकिटं. दिरांनी बुकिंग ॲपवरून काढली, २०० रुपये कॅशबॅक होता म्हणून, आणि पैसे यूपीआयने.

कंपनी बंद पडल्यावर मी बँकेत फोन केला. पहिला माणूस म्हणाला मॅडम एअरलाइनशी बोला. दुसरी म्हणाली ३० दिवस थांबा. तिसऱ्या वेळी मी "चार्जबॅक" हा शब्द वापरला तेव्हा कुठं त्यांनी डिस्प्यूटचा फॉर्म पाठवला. हा शब्द लक्षात ठेवा, रिफंड म्हणू नका, रिफंड कंपनी देते, चार्जबॅक बँक दुकानदाराच्या बँकेकडून ओढून आणते. फॉर्मवर कारणांची यादी असते त्यात "सेवा मिळाली नाही" वर टिक केली, तिकीट, फ्लाइट रद्द झाल्याची कंपनीची मेल, कंपनीला मी पाठवलेली मेल आणि तिला उत्तर न आल्याचं, सगळं जोडलं. एकोणिसाव्या दिवशी तात्पुरते पैसे जमा, दोन महिन्यांनी पक्के झाले. व्हिसा-मास्टरकार्डला साधारण १२० दिवसांची मुदत असते, ती पैसे भरल्यापासून नाही तर प्रवासाच्या तारखेपासून मोजतात, पण तरी "कंपनी सुरू होईल बघू" म्हणून बसू नका.

दिरांचं काय झालं? ॲपवाले म्हणाले आम्ही पैसे एअरलाइनला दिले, एअरलाइनकडून आले की देऊ. एअरलाइनकडं फोन लागेना. बँक म्हणाली तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेत आणि ॲपने तर तिकीट दिलंय. आजतागायत शून्य. जाऊबाई अजून कॅशबॅकचे २०० आठवून देतात त्यांना, विशेषतः पाहुणे आले की.

खिडकीची_सीट

मुळामुठा ताई हे भारी आहे, म्हणजे क्रेडिट कार्डने काढलं की झालं ना मग, रिस्क संपली, काढा की स्वस्तातलं.

मुळामुठा

संपली नाही हो, अर्धी झाली. पैसे पक्के व्हायला दोन महिने लागले, तोवर नवीन तिकिटं खिशातूनच काढावी लागली आणि त्यातला जास्तीचा फरक कुणी दिला नाही. तिकीट परत मिळतं, ट्रिप नाही मिळत.

थेम्सकाठी

इकडे यूकेमध्ये ह्या बाबतीत बरं आहे म्हणून लिहितो, कुणी तिकडून मुलांकडे येत असेल तर उपयोगी पडेल. क्रेडिट कार्डने १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतचं काही घेतलं आणि मिळालं नाही तर १९७४ च्या कायद्याचं सेक्शन ७५ आहे, त्यात कार्ड कंपनी स्वतःच जबाबदार असते. आणि फ्लाइट प्लस हॉटेल असं पॅकेज घेतलं तर ॲटॉल नावाचं संरक्षण. सप्टेंबर २०१९ ला थॉमस कुक एका रात्रीत बंद झाली तेव्हा आमचे शेजारी ग्रीसमध्ये होते, सिव्हिल एव्हिएशन ॲथॉरिटीने विमानं भाड्याने घेऊन दीड लाखाच्या आसपास लोक परत आणले, शेजारीण म्हणाली आम्हाला तर उलट चांगली सीट मिळाली.

पण इकडे सुद्धा नुसतं फ्लाइटचं तिकीट डेबिट कार्डने काढलं असेल तर सेक्शन ७५ चं संरक्षण नाही. आई-बाबा इकडे येणार असतील तर त्यांची तिकिटं मी माझ्या इकडच्या क्रेडिट कार्डवरच काढतो, भाडं थोडं जास्त पडलं तरी. बाबांना हे पटत नाही, त्यांना डेक्कनवरचा त्यांचा एजंटच लागतो.

तिकीटवाला_काका

एजंटवर कशाला घसरता साहेब. एजंट निदान दुकानात सापडतो.

कंदीपेढा_सातारा

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. आत्ता एक शंका, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला तर? बुकिंग करताना २४९ रुपयात टिक करायला सांगतात ते. आणि दुसरं, ह्यांचं म्हणणं असं की जाताना चांगल्या कंपनीने जाऊ आणि येताना स्वस्तातल्या, म्हणजे १५ हजार तरी वाचतील.

कलम_कसाई

२४९ वाल्यात आजारपण, बॅग हरवणं, काही तास उशीर असलं असतं. कंपनीचं दिवाळं निघणं बऱ्याच पॉलिसीत अपवादांच्या यादीत असतं, बारीक अक्षरात. पॉलिसीची पीडीएफ उघडून "दिवाळखोरी" साठी जो इंग्रजी शब्द असेल तो शोधा, कव्हरमध्ये सापडला तर घ्या, अपवादात सापडला तर २४९ चं आइस्क्रीम खा.

पार्किंग_बे_२७

येतानाची आयडिया तर उलटी आहे ताई. करायचंच असेल तर जाताना स्वस्त आणि येताना पक्कं. साताऱ्यात अडकलात तर घरी आहात. पोर्ट ब्लेअरला सात जण, त्यात तीन म्हातारी माणसं, बाबांची गोळ्यांची पाकिटं मोजून नेलेली, आणि बेटावरून निघायला दुसरं काही नाही.

चेन्नईचं पण बघा. पुणे-चेन्नई एका कंपनीचं आणि चेन्नई-पोर्ट ब्लेअर दुसऱ्या कंपनीचं असं वेगळं वेगळं काढू नका, पहिलं लेट झालं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही. एकाच पीएनआरवर असू द्या.

आणि बातम्यांपेक्षा एक सोपं काम करा, फ्लाइट ट्रॅक करायच्या साइटवर तुम्ही घेताय तोच फ्लाइट नंबर टाका आणि मागचे पंधरा दिवस बघा. किती दिवस उडालं, किती दिवस रद्द, किती वेळा सकाळचं आणि दुपारचं एकत्र करून एकच उडवलं. दोन अर्ध्या भरलेल्या फ्लाइट एकत्र करणं हे आमच्याकडं शेवटच्या काळात रोजचं झालं होतं.

तिकीटवाला_काका

बरोबर. आणि त्यांनी टाइम बदलला, एक दिवस पुढं ढकललं असा मेसेज आला की "मान्य" दाबायच्या आधी थांबा, बदल मोठा असेल तर तेव्हा फुल रिफंड मागता येतो, कंपनी चालू असतानाच मागून घ्यायचा. क्रेडिट शेल देतो म्हणतील, म्हणजे पैसे परत नाहीत, पुढच्या तिकिटासाठी जमा, वर्षभरात वापरा. कोविडमध्ये सगळ्याच कंपन्यांनी दिलं, तेव्हा सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं लोकांना. तब्येतीने चांगल्या कंपनीचं क्रेडिट शेल ठीक आहे, आजाऱ्याचं घेऊ नये.

रंकाळा_रात्री

आजाऱ्याकडं उसनं आणि वर त्याच्याच औषधाचे पैसे आपण भरायचे. लै भारी धंदा आहे.

कंदीपेढा_सातारा

अपडेट देते. काल रात्री बे_२७ दादांनी सांगितल्याप्रमाणे फ्लाइट नंबर टाकून बघितलं. पंधरा दिवसात चार वेळा रद्द, सहा वेळा तीन तासाच्या वर लेट. ह्यांनी स्वतः मोजलं, मी काही बोलले नाही, मी नुसती भाकऱ्या करत होते. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अगं ते १७,९०० वालं १८,३०० झालं की." म्हटलं होणारच, चार दिवस धागा वाचत बसलो ना आपण.

तर काढली, मोठ्या कंपनीची, जाऊन येऊन, एकाच पीएनआरवर, त्यांच्याच साइटवरून, क्रेडिट कार्डने. १,२८,१०० झाले. हॅवलॉकला तीनऐवजी दोन रात्री करतोय, हॉटेलवाल्याने एक रात्र कमी करून भरलेले पैसे त्यातच वळते करून दिले, देवमाणूस. बाबांना कळलं कमी केलंय ते, म्हणाले समुद्र काय मी बघितलेला आहे, गणपतीपुळ्याला.

आता जेलचा लाइट अँड साउंड शो कधी बुक करायचा असतो ते कुणी सांगेल का, का तिथं गेल्यावर मिळतो? वेगळा धागा काढते हवं तर.

खिडकीची_सीट

अभिनंदन ताई, बाबांना नमस्कार सांगा. तुमची चर्चा वाचून मी पण विचार केला, पण माझी जूनची दिल्लीची तिकिटं त्याच कंपनीची काढून झाली होती शनिवारीच, सेलमध्ये. ३,१०० ला पडलं बे नागपूर-दिल्ली जाऊन येऊन, सोडवत नाही. दिल्लीला काय ट्रेन पण आहे. जूनमध्ये येऊन सांगतो इथंच.

मुळामुठा

क्रेडिट कार्डने काढलीत ना पण?

खिडकीची_सीट

यूपीआय. ७५ रुपये कॅशबॅक होता.